बर्फातून पाठवलेलं रक्त

१२ नोव्हेंबर

चि. बारक्या,

तुझा रिपोर्ट आला. रक्तात दोष नाही. थंडीने गोठून बसणारं जे प्रथिन तुझ्या डॉक्टरांना शोधायचं होतं, ते सापडलं नाही. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आठवडाभर नळी फ्रिजमध्ये ठेवली, स्वतः उजेडासमोर धरून पाहिली आणि मग सही केली. या बाईंना लग्नपत्रिका दिली तर शुभेच्छा देण्याआधी त्यातल्या चुका दाखवतात. तेव्हा त्यांच्या सहीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवते.

नमुना मात्र तू झकास पाठवलास. डबा उघडला तर आतला बर्फ तसाच्या तसा! आमच्याकडची पोरं म्हणाली, "तुमच्या मावसभावाला इथेच नोकरीला घ्या." मी म्हटलं, तो जन्मभर फिल्मांचे डबे थंड ठेवत आलाय, एक रक्ताची नळी त्याला काय जड?

म्हणजे पायावरचे डाग कशाचे, हा प्रश्न राहिलाच. त्वचेच्या डॉक्टरांना पुन्हा दाखव. फोनवर मी विचारलं की तू "हो हो, बरंय" म्हणतोस आणि विषय मावशीच्या गुडघ्यांवर नेतोस. पत्रात तरी खरं लिही. लहानपणापासून तू खोटं बोलतोस तोंडाने, हाताने नाही.

मावशीला नमस्कार. तिचे लोकरी मोजे फाटले असतील तर माप कळव.

तुझी ताई


२० नोव्हेंबर

प्रिय ताई,

रिपोर्ट आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "दोष नाही म्हणे! मग लवकर उठत का नाही सकाळी?" झालं, रिपोर्टाचा निकाल लागला.

बर्फाचं म्हणशील तर तू सांगितलास त्याच्या दुप्पट घातला. आमच्या थंड खोलीतलाच. थंड ठेवलं की टिकतं, हे आमच्या फिल्म संग्रहालयात शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना पाठ असतं.

आता खरं लिहितो. डाग वाढलेत. टाचणीच्या डोक्याएवढे, जांभळे, घोट्यापासून वर चढत गुडघ्याला आलेत. बोटाने दाबले तर फिके होत नाहीत. उजव्या पायाला मुंग्या येतात, आणि परवा जिन्यावर चप्पल पायातून निसटली ते दोन पायऱ्या खाली गेल्यावर कळलं. तेही ती खाली पडलेली दिसली म्हणून.

आणि डाग कधी येतात माहीत आहे? थंड खोलीत काम केलं की त्याच संध्याकाळी. सुट्टीत घरी राहिलो तर विटतात. तपकिरी होतात. सोमवारी आत गेलो की नवे.

तुला वरचे काका आठवतात ना? आमच्या घरी माडीवर भाड्याने राहायचे. त्यांनीच मला या नोकरीला लावलं. माझ्या आधी ही खोली त्यांच्याकडे होती. शेवटच्या वर्षी त्यांच्या पायांवर हेच डाग होते. मूत्रपिंडं निकामी होऊन गेले. किल्ली माझ्या हातात देताना म्हणाले होते, "ही खोली आपल्या माणसाला खूण करून ठेवते." मला वाटलं, म्हातारपणीचं बोलणं. त्यांचा लांब कोट अजून आतल्या खुंटीवर असतो. आत जाताना मी तोच घालतो. परवा कोटाच्या खिशात हात घातला तर खिसा कोमट होता. ताई, त्या खोलीत उणे दोन अंश तापमान असतं, आणि मी रजेवर असल्याने तो कोट आठवडाभर कुणी घातला नव्हता.

हस. मीसुद्धा हसलो. पण मग कोट न घालताच आत गेलो.

आणखी एक. काकांच्या फळीवर मागे एक छोटा डबा सापडला, वर चिठ्ठी नाही. घरगुती फिल्म आहे, हौशी कॅमेऱ्याची. जुनी रंगीत फिल्म जशी जांभळट पडते तशी पडलीय. त्यात आपल्या घराचं मागचं अंगण आहे आणि मुलं रांगेत उभी आहेत. नीट पाहून सविस्तर लिहीन.

बारक्या


२५ नोव्हेंबर

बारक्या,

हे पत्र वाचून झालं की लगेच उठ.

तुझं पत्र मी दुपारच्या सुट्टीत वाचत होते. "दुप्पट बर्फ घातला" इथे आले आणि हातातला डबा तसाच ठेवून बाईंच्या खोलीत गेले. बाईंनी विचारलं, "नमुना बर्फातून आला होता?" मी म्हटलं, हो, मीच सांगितलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऐक. आमच्याकडे येणारं जवळजवळ सगळं रक्त थंडच ठेवायचं असतं, म्हणून सवयीने मी बर्फ सांगितला. या एका तपासणीत उलटं असतं. हे प्रथिन उबेत रक्तात विरघळलेलं राहतं आणि गार झालं की गोठून खाली बसतं. म्हणून रक्त काढल्यापासून ते वेगळं करेपर्यंत अंगाच्या उबेतच ठेवावं लागतं. इथले रुग्ण समोर बसतात, त्यांचं रक्त आम्ही थेट कोमट पाण्यातल्या नळीत घेतो, म्हणून कधी चूक झाली नाही. बाहेरगावाहून आलेला हा पहिलाच नमुना, आणि तोही माझ्याच माणसाचा. जे शोधायचं होतं ते वाटेतच बर्फाने खाली बसवलं. वरचं पाणी आम्ही आठवडाभर निरखत बसलो आणि तळाचं रक्ताच्या गाठीबरोबर फेकून दिलं. रिपोर्ट कोरा आला कारण आम्ही तो कोरा करून घेतला.

तुमच्या गावच्या प्रयोगशाळेशी मी बोलले आहे. उद्या सकाळी जा. थर्मासमध्ये कोमट पाणी ने. नळी तिथून तिथे न्यायची वेळ आली तर काखेत धर, लाजू नकोस. बाईंनी आणखी दोन तपासण्या सांगितल्या आहेत: लघवीतून प्रथिन जातं का, आणि सी प्रकारची कावीळ. दुसरी ऐकून मी विचारलं, डाग पायावर आणि कावीळ कशाला? त्या म्हणाल्या, "असं रक्त दिसलं की आधी तीच शोधायची."

खोलीत जाऊ नकोस. कोट, खिसा, खूण हे सगळं बाजूला ठेव. गरम मोजे घाल आणि घरी बस.

ताई


८ डिसेंबर

प्रिय ताई,

तू सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. काखेत नळी धरून लांबच्या इमारतीपर्यंत चालत गेलो. वाटेत शेजारचे भेटले, म्हणाले, "काय हो, ताप मोजताय का?" मी म्हटलं, हो, चालता चालता.

चौथ्या दिवशी तिथल्या मुलीने बोलावून दाखवलं. काचेच्या नळीत वर पिवळसर पाणी आणि तळाशी पांढरं. भुरभुरीत, खाली बसलेल्या पिठीसारखं. "हे तुमचं," ती म्हणाली. मग तिने नळी काही मिनिटं मुठीत धरून ठेवली. मूठ उघडली तर काही नाही. स्वच्छ. म्हणाली, "परत फ्रिजमध्ये ठेवलं की परत येईल." संध्याकाळी मी मुद्दाम पुन्हा गेलो. आलं होतं.

ताई, मला रोग झालाय हे मी समजू शकतो. पण माझ्या आत असं काहीतरी आहे जे थंडीने बोलावलं की येतं आणि मुठीत धरलं की लपतं, हे मनातून जात नाही. एकवीस वर्षं मी त्या खोलीत जात होतो. मला वाटायचं, आत मी एकटाच असतो.

लघवीतून प्रथिन जातंय, थोडं. आणि सी प्रकारची कावीळ आहे. डॉक्टर म्हणाले, बरीच जुनी असावी. मी म्हटलं, मी कधी पिवळा झालो नाही, माझं कधी ऑपरेशन नाही, कुणाचं रक्त घेतलेलं नाही, गोंदवलेलं नाही. ते म्हणाले, आठवा. काय आठवू? माझ्या मते हे काकांकडून आलंय, त्या खोलीतून. तू म्हणशील असं होत नसतं. मग त्यांना तेच डाग कसे?

फिल्म पाहिली. टेबलावर हाताने फिरवून, एकेक चित्र. अंगणात ऊन आहे, कडक. मुलं बिनबाह्यांच्या कपड्यांत. पहिला तुझा भाऊ दादू, हसतोय. मग तू, दोन वेण्या. मग मी, सात वर्षांचा असेन, रांगेतून सारखा मागे वळून पाहतोय. आई पाठमोरी. एवढ्या उन्हात तिच्या पायांत लोकरी मोजे. ती आधी स्वतःच्या दंडाशी काहीतरी करते, मुलांकडे बघून हसते आणि मग काहीतरी वाटते. गोळ्या-बिस्किटं असावीत, हात दिसत नाही. दादू पुढे येतो, तिच्या आड जातो आणि चित्राबाहेर निघून जातो. मग तू. मग मी. गेलेलं कुणीच परत येत नाही. अंगण रिकामं.

मग आई वळते आणि सरळ कॅमेऱ्याकडे येते. येत राहते. तिचा पदर, तिचं मनगट, मग फक्त अंधुक काहीतरी, आणि चित्र एकदम हिसका बसल्यासारखं थरथरतं. संपलं.

फिल्मवर जागोजागी जांभळे ठिपके पडलेत. मी फीत हातात घेऊन नडगीवर धरली. कुठले ठिपके फिल्मचे आणि कुठले माझे, कळेना.

बारक्या


१३ डिसेंबर

बारक्या,

बिस्किटं नव्हेत रे. तू फार लहान होतास, आणि घाबरून डोळे मिटून घ्यायचास, म्हणून तुला आठवत नाही.

ती ताकदीची सुई होती.

मावशी तेव्हा दवाखान्यात परिचारिका होती. आम्ही दोघं दर सुट्टीत तुमच्याकडे यायचो आणि पहिल्या रविवारी ती सगळ्यांना अंगणात रांगेत उभं करायची. दूध-साखरेपेक्षा सुई बरी, असं तेव्हा सगळेच मानत. काचेची सिरिंज, एकच सुई. सकाळी एकदा उकळायची आणि मग सगळ्यांना तीच, मधे फक्त स्पिरिटच्या बोळ्याने पुसून. तेव्हा दवाखान्यातही बऱ्याच ठिकाणी असंच चालायचं. मावशीचा हात इतका हलका, की शेजारपाजारचे म्हणायचे, डास चावलेला कळेल पण हिची सुई कळणार नाही.

आणि आम्ही रडू नये म्हणून ती काय करायची? आधी स्वतःला टोचून घ्यायची. "बघा, मला दुखलं का? नाही ना? चला." तू फिल्ममध्ये पाहिलंस ते हेच. आधी स्वतःच्या दंडाला, मग दादूला, मग मला, मग तुला.

शेवटी ती कॅमेऱ्याकडे का आली, तेही सांगते. वरच्या काकांनाही ती सुई द्यायची. ते शूटिंग करत होते म्हणून कॅमेरा खाली ठेवायला तयार नव्हते. तिने तसंच, उभ्या उभ्या, त्यांच्या दंडात दिली. म्हणून चित्र हललं.

आता माझ्या आईने एकदा सांगितलेलं आठवलं. तुझ्या आधी मावशीला एक बाळ झालं होतं, ते राहिलं नाही. त्या वेळी तिला दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. त्या काळी रक्तात हा विषाणू आहे का, हे तपासताच येत नव्हतं. त्याला नावही नव्हतं.

बाईंनी मला हे सगळं कागदावर चित्र काढून समजावलं. हा विषाणू यकृतात गुपचूप राहतो, वर्षानुवर्षं. अंगाचे रखवालदार त्याला पकडायला धावतात, तो सापडत नाही. मग रखवालदारच वाढत जातात, एकमेकांना चिकटतात, आणि गारठा पडला की झुंडीने बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. पायांत, नसांत, मूत्रपिंडात. चोर सोडून संन्याशाला फाशी. रोग यकृतात आणि फाशी तुझ्या पायांना.

म्हणजे खोलीने तुला काहीही केलेलं नाही. काकांनाही नाही. खोली फक्त गार होती. जे आत होतं, ते तिने बाहेर काढून दाखवलं.

औषध आहे. नुसत्या गोळ्या, साधारण तीन महिने. विषाणू बहुतेकांचा पूर्ण जातो. रक्त आणि मूत्रपिंड सावरायला मात्र वेळ लागतो, त्याचे वेगळे डॉक्टर. पण उशीर करून चालणार नाही, तुझ्या पायाला चप्पल कळत नाही.

आणि मावशीला तपासायला हवं.

ताई


१७ डिसेंबर

ताई,

मी गोळ्या घेईन. सोमवारी नाव नोंदवलं. खोलीच्या कामातून सहा महिने बाजूला काढा, असा अर्जही दिला. साहेब म्हणाले, "मग आत कोण जाणार?" मी म्हटलं, कुणीही जा, फक्त कोट स्वतःचा आणा.

पण आईला मी सांगणार नाही.

ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिच्या आयुष्यात मिरवावं असं एकच: तिचा हात. अजून रस्त्यात कुणी म्हातारा थांबवतो, "बाई, तुमच्या हातची सुई कळायची नाही," म्हणतो, आणि ती घरी येऊन दोन दिवस ते सांगत राहते. तिला काय सांगू? की त्या हातानेच सगळं झालं? की काका त्याने गेले?

तिला साखर तपासायला म्हणून नेऊ आणि त्यातच हेही तपासून घेऊ. गोळ्या लागल्या तर गुडघ्यांच्या म्हणून देऊ. तू फक्त तुझ्या पत्रात काही लिहू नकोस. ती माझी बाकीची पत्रं उघडत नाही, पण तुझी वाचते; मागचं नशिबाने माझ्याच हाती पडलं. म्हणते, "माझ्या बहिणीच्या लेकीचं आहे, तुझं कसलं?"

एक विचारायचं होतं. दादू कशाने गेला? मला नीट सांगितलंच नाही कुणी.

आणि तू तुझं रक्त तपासलंस का?

बारक्या


५ जानेवारी

बारक्या,

उशीर झाला. मधे मी दोन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिलं वाचलं असतंस तर मावशीच्या दारात पुन्हा पाऊल ठेवायची मला लाज वाटली असती.

दादू यकृत आटून गेला. छत्तीसाव्या वर्षी. दारूच्या थेंबाला शिवला नव्हता. तरी स्मशानातून परतताना लोक बोलत होते, "आतून पीत असणार, नाहीतर या वयात यकृत?" बाबांनी पुढची नऊ वर्षं मान खाली घालून काढली. शेवटी त्यांनीही आईला विचारलं होतं, "खरंच प्यायचा का गं?" दादूवर आम्ही घरच्यांनीसुद्धा संशय घेतला. मीही. त्याच्या खोलीत कपाटामागे मी बाटली शोधली होती.

त्या शेवटच्या महिन्यांत त्याच्या पायांवर डाग होते. आम्हाला वाटलं, डास.

राग आला मला. खूप. तुझ्या पत्रातलं "तिचा हात" वाचलं आणि ते मी टेबलावर पालथं घातलं. मग कितीतरी दिवसांनी आठवलं, की सुई देऊन झाली की ती दादूचा दंड चोळत बसायची. आमच्या आईनेही इतका चोळला नसेल. तिला माहीत असतं तर तिने ती सुई स्वतःच्या डोळ्यात घातली असती, पण त्याला लावली नसती.

माझं रक्त मी सुईचं आठवलं त्याच दिवशी तपासायला हवं होतं, पण तेव्हा काही सुचलंच नव्हतं. आता तपासलं. माझ्या रक्तात विषाणूविरुद्धच्या खुणा आहेत, विषाणू नाही. काही जणांचं शरीर त्याला स्वतःच हाकलून लावतं म्हणे. बाई म्हणाल्या, "घरात कुणीतरी राहून गेलंय. पाऊलखुणा आहेत, माणूस नाही." त्या दिवसापासून रात्री दिवा मालवला की माझं मलाच विचारावंसं वाटतं, खरंच गेलास ना? एकाच सुईखाली आम्ही एकामागोमाग उभे होतो. त्याला धरलं, मला सोडलं, तुला धरलं. का, ते बाईंनाही सांगता येत नाही.

मावशीला सांग. गुडघ्यांच्या गोळ्या म्हणून फसवू नकोस. ती परिचारिका होती, पाकिटावरचं नाव वाचून तुझे कान उपटेल. शिवाय त्या रविवारच्या रांगेत आणखी कोण कोण असायचं, हे तिच्याशिवाय कुणाला आठवणार? आम्ही फक्त सुट्टीत यायचो. बाकीचं वर्षभर कोण यायचं? त्यांच्यातही कुणाच्या तरी पायांवर आज डाग असतील. आणि कुणाच्या तरी घरी माणूस चोरून पितो म्हणून कुजबुज चालू असेल.

मला दादूसाठी एवढंच हवंय.

ताई


१९ जानेवारी

प्रिय ताई,

सांगितलं. म्हणजे, मी सांगितलं नाही, तिला दाखवलं.

तुझं पत्र तिने उघडण्याआधीच मी ताब्यात घेतलं.  मग संग्रहालयातून छोटा प्रोजेक्टर आणला, जेवणाच्या खोलीतली दिनदर्शिका काढली आणि भिंतीवर फिल्म लावली. आई चहाचा कप घेऊन बसली. "हा कोण रे वाळका? तू होय! आणि ही वेण्यावाली? बघ कशी ताठ उभी, अजून तशीच आहे." दादू दिसला तेव्हा कप खाली ठेवला. "माझं बाळ," म्हणाली.

ती स्वतःच्या दंडाला टोचते, तिथे मी फिल्म थांबवली. म्हटलं, आई, ती सुई एकच होती ना?

"एकच. उकळलेली."

"आणि आधी तू घ्यायचीस."

"मग? पोरं घाबरतात."

मी माझे पाय पुढे केले. ताई, मी रोगाचं नाव घेतलं, कावीळ म्हटलं, दोन बाटल्यांचं म्हटलं. पुढे काही सांगावं लागलंच नाही. ती भिंतीकडे बघत राहिली. भिंतीवर तीच होती, सुई दंडात, हसत. प्रोजेक्टरच्या दिव्याने फिल्म तापायला लागली, मी बंद करायला उठलो तर म्हणाली, "राहू दे."

मग वाकून तिने मोजे काढले. माझ्या आठवणीत मी तिचे पाय कधी पाहिले नव्हते. गुडघ्याखाली दोन्ही पाय गंजल्यासारखे, तपकिरी, डागांवर डाग साचून. मधे मधे नवे, जांभळे. तिच्या आणि माझ्या पायांकडे आम्ही दोघं बघत बसलो. एकाच मापाचे डाग.

"मला वाटायचं, उभं राहून राहून होतं," ती म्हणाली. "दवाखान्यात सगळ्याच बायकांचे पाय दुखायचे."

मग मोज्यांची मांडीवर घडी करत म्हणाली, "दादूला मी पहिला घ्यायचे. माझ्यानंतर लगेच. तो रडायचा नाही म्हणून."

मला वाटलं होतं, ती कोसळेल. कोसळली नाही. रात्रभर तिच्या खोलीत दिवा होता. सकाळी मी चहा घेऊन गेलो तर बोटांवर मोजत होती. कोपऱ्यावरच्या शिवणवालीची दोन पोरं. पोस्टमन. समोरचे मास्तर, त्यांना दर महिन्याला. दूधवाल्याची बहीण. नावं नाही आठवत, पण चेहरे आणि दंड आठवतात, म्हणाली. "कुणाचा दंड कसा होता ते सांगते मी." त्यातले चार जण अजून इथेच राहतात. काल ती स्वतः शिवणवालीकडे गेली, काठी टेकत, मला बरोबर येऊ न देता. परतली तेव्हा डोळे सुजले होते. मी विचारलं, काय म्हणाली? "चहा दिला. मग दार लावून घेतलं. मग परत उघडलं आणि विचारलं, कधी यायचं?"

तुझं पत्र मग मी तिला दिलं. राग आला, तेही वाचलं तिने. म्हणाली, "तिला लिही, फाडलेलं पत्र पाठवायचं होतंस. माझंच होतं ते."

मला गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले. नवे डाग नाहीत. उजव्या पायाला अजून चप्पल कळत नाही, पण परवा गरम फरशी कळली. लघवीतलं प्रथिन अजून आहे, मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात बोलावलंय. खोलीच्या दाराशी जाऊन आलो, आत गेलो नाही. कोट अजून खुंटीवर आहे. खिशात हात घालून बघावंसं वाटलं. घातला नाही.

आता पुढचं. गुरुवारी सकाळी प्रयोगशाळेत जायचं ठरलंय. आई, शिवणवालीचा एक मुलगा, मास्तर, आणि यायला धजली तर दूधवाल्याची बहीण. तिथल्या मुलीला मी सांगून ठेवलंय: कोमट पाणी, गरम नळ्या, बर्फ नाही, आणि प्रत्येकाला नवी सुई, समोर पाकीट फोडून. फोनवर तू येणार म्हणालीस, तर बुधवारच्या रात्रीपर्यंत पोहोच.

मास्तर काल कुरकुरत होते, या वयात सुई नको म्हणाले, त्यांना रक्त पाहिलं की भोवळ येते. आईने पदर खोचला. त्यांच्याकडे रोखून पाहत म्हणाली, "मास्तर, रांगेत मागे उभे राहा. आधी मला टोचू दे. दुखलं, तर मी सांगेन."

बारक्या